वडगाव : १२ गुंठे राखीव जागा. पाणी, झाडं आणि भिंतीवरचं काम एकत्र कसं बसवायचं?

विणकरवाट

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या वडगाव भागात, आमच्या लेआऊटमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेली जवळजवळ १२ गुंठे जागा आहे. पूर्व-पश्चिम ४० मीटर, दक्षिणोत्तर ३० मीटर. गल्लीतलं गणेश मंडळ, महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक मिळून ती हातात घ्यायची ठरलंय. जागेची स्थिती अशी:

माती काळी. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ईशान्य कोपरा खोलगट, जुलै-ऑगस्टमध्ये तिथं आठ-आठ दिवस पाणी तुंबतं. आग्नेयेला १० फूट व्यासाची जुनी दगडी विहीर, पाणी आहे पण कठडा ढासळलेला. पश्चिमेला एक मोठा पिंपळ. उत्तरेला ४० मीटर लांब, ६ फूट उंच कंपाऊंडची भिंत. तिच्यावर रंगवलेली चित्रं दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून गेली. दक्षिणेला रस्ता, वरून हेस्कॉमची (वीज कंपनीची) तार.

काहीजण म्हणतात सगळीकडे पेव्हर घालून ओपन जिम बसवा, काहीजण म्हणतात हिरवळ करा. गणपतीत मांडव इथंच पडतो, तो पडणारच. भागात माग असलेली घरं पुष्कळ, म्हणून भिंतीवर साडीच्या काठांची नक्षी हवी असं महिला मंडळाचं म्हणणं आहे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या भंगार लोखंडातून एखादं शिल्प करावं असंही सुचवलंय. कामाचा क्रम काय ठेवावा, कुठं काय बसेल, आणि टिकेल कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

काळीमाती

ताई, आधी कागद बघा. जागा बुडाकडून (नगरविकास प्राधिकरणाकडून) महानगरपालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालीय का, आणि नकाशात ती 'उद्यान' म्हणून दाखवलीय की नुसती 'मोकळी जागा', हे पक्कं करून घ्या. कर्नाटकात १९८५ चा उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागांच्या जतनाचा कायदा आहे. यादीत आलेल्या उद्यानाचा वापर सहजासहजी बदलता येत नाही, त्यामुळे पक्कं स्टेज, सभागृह, देऊळ असलं काही आराखड्यात धरू नका. पुढं कुणी तक्रार केली तर चांगलं झालेलं कामही अडकतं. पिंपळाची मोठी फांदी तोडायची झाली तरी १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आता पाणी. क्रम पाणी, मग झाडं, मग कट्टे-वाटा, आणि कला शेवटी, असा ठेवा. पण कलेचा विचार पाण्याच्या वेळेलाच करा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी पुतळा आणि कारंजं येतं, पाणी कुठं जाणार हे पहिल्या पावसात कळतं.

हिशेब साधा आहे. जागा १२०० चौरस मीटर. दिवसात ६० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैमध्ये नवल नाही. म्हणजे एका दिवसात ७२,००० लिटर पाणी या जागेवर पडतं. सगळीकडे पेव्हर घातले तर त्यातलं ८०-८५ टक्के, म्हणजे ६०,००० लिटर वाहून ईशान्य कोपऱ्यात येणार आणि शेजारच्या घरांच्या जोत्याला लागणार. ३०० चौरस मीटरच पक्कं ठेवलं आणि बाकी माती-झाडं ठेवली, तर भिजलेल्या काळ्या मातीचा विचार करूनही ३७,००० लिटरच्या आसपास वाहतं. बळ्ळारी नाल्याला पूर आला की वडगाव-येळ्ळूर शिवाराची काय गत होते ते आपण बघतोच. गावातून येणारं पाणी जितकं जागच्या जागी थांबवाल तितकं बरं.

तो खोलगट कोपरा भरून काढू नका, तोच कामाचा आहे. तिथं १०० चौरस मीटरची पावसाळी बाग करा. मध्यभागी २० सेंटिमीटर खोल, कडेला हलका उतार. एवढ्यात १५ हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. उरलेलं सांडव्यातून गटारीत जाईल, पण जोर ओसरल्यावर.

अडचण काळ्या मातीची. ती एकदा फुगली की पाणी जवळजवळ झिरपतच नाही. म्हणून आधी चाचणी घ्या. कोपऱ्यात जेसीबीनं ६ फूट खोल एक खड्डा काढा आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा. मग मुरमाच्या थरात हातानं एक फूट बाय एक फूट बाय एक फूट खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा, आणि दुसऱ्या वेळी तासाला किती मिलिमीटर उतरतं ते पट्टीनं मोजा. पहिल्या वेळचं माप धरू नका, कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते. तासाला २५ मिलिमीटरच्या वर उतरलं तर उत्तम. १२ च्या खाली असेल तर तळाला छिद्रं असलेला ४ इंची पाईप घालून गटारीला जोडावा लागेल.

मुरूम ४-५ फुटांवर लागला तर बागेच्या तळात २ फूट व्यासाचे ५-६ शोषखड्डे थेट मुरमापर्यंत न्या आणि ४० मिलिमीटर खडीनं भरा. वर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यावर ४५ सेंटिमीटर मिश्रण: निम्मी जाड वाळू, तीस टक्के लाल माती, वीस टक्के कुजलेलं शेणखत. काढलेली काळी माती यात अजिबात मिसळू नका, ती झाडांच्या आळ्यांना वापरा. पाणी आत येतं तिथं हाताएवढे दगड पसरा, नाहीतर पहिल्याच वळवात घळ पडते. सांडव्याची पातळी जवळच्या वाटेपेक्षा किमान ५ सेंटिमीटर खाली हवी.

पाणी ४८ तासांत जिरलं पाहिजे. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो, म्हणून दोन दिवसांत कोरडी होणारी बाग डास वाढवत नाही. आज तुंबणारं आठ दिवसांचं पाणी मात्र वाढवतं. बैठकीत कुणी 'डबकं करताय' म्हणालं तर हेच सांगा. बाग भिंतीच्या पायापासून ३ मीटर आणि घरांपासून ५ मीटर लांब ठेवा.

जांभाचुना

वरच्या सगळ्याशी सहमत. मी बांधकामापुरतं लिहितो.

काळ्या मातीवर थेट काहीही बांधू नका. उन्हाळ्यात ती आक्रसते, पावसात फुगते, आणि वरचा कट्टा तिसऱ्या वर्षी मधून तडकतो. कट्ट्याखालची माती २-३ फूट काढून मुरूम भरा, ६-६ इंचांचे थर पाणी मारून धुम्मसानं ठोका. कट्टे जांभ्याचे करा. खानापूर बाजूचा चिरा सहज मिळतो आणि खाणीतून काढल्यावर हवेत उलट कडक होत जातो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर लावू नका, ओल आत अडकते आणि प्लास्टर ढलप्यांनी सुटतं. दरजा चुना-वाळूच्या भराव्या. बसायची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर, खोली ४५. ज्येष्ठांसाठी निम्म्या कट्ट्यांना पाठ आणि हात ठेवायला आधार हवा, त्याशिवाय गुडघे धरणाऱ्या माणसाला उठता येत नाही. बसायच्या जागी वर शहाबादी फरशी, कडा गोल घासलेली. पायऱ्यांना आणि उताराला जांभा नको, श्रावणात त्यावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. तिथं टाचे मारलेला काळा दगड.

वाटा १.८ मीटर रुंद. १५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम, मधोमध किंचित उंच, दोन्हीकडे २ टक्के उतार, कडेला जांभ्याची ओळ. फाटकापासून पिंपळापर्यंतची मुख्य वाट मात्र पक्की ठेवा, व्हीलचेअर आणि काठी दोन्हीला. उतार १२ ला १ पेक्षा जास्त नको.

मांडवाचं. दरवर्षी खड्डे खणले की पेव्हर उखडतात, मुळं तुटतात आणि पुढचं वर्षभर जागा उघडीवाघडी राहते. जागेच्या मध्याला १२ बाय १५ मीटरचं मुरमाचं मोकळं पटांगण ठेवा आणि त्यात दर ३ मीटरवर ५ इंची पीव्हीसी पाईपचे २ फूट लांब तुकडे उभे गाडा. भोवती काँक्रीट, तळ उघडा, खाली खडी, म्हणजे आत पाणी साठत नाही. वर बिडाचं झाकण, जमिनीला समतल. मांडववाल्यानं वासा किंवा पाईप त्यात उभा करायचा, पाचर मारायची, झालं. ३ मीटरच्या जाळ्यात असे ३० तुकडे लागतात. हेच पटांगण एरवी मुलांना खेळायला.

विहीर: आतल्या दगडांच्या सांध्यांना सिमेंट भरू नका, झरे त्या सांध्यांतूनच येतात. ढासळलेला कठडा १ मीटर उंच बांधा, वर लोखंडी जाळी ५ सेंटिमीटर घराची, एका बाजूला कुलपाचं झाकण ७५ बाय ७५ सेंटिमीटर. रस्त्याचं पाणी चुकूनही विहिरीत सोडू नका, त्यात डिझेल आणि गटार दोन्ही असतं. शेजारच्या एखाद्या छताचं पाणी घ्यायचं असेल तर पहिल्या दोन पावसांचं वाहू द्या, मग खडी-वाळूच्या गाळणीतून घ्या. आणि विसर्जन इथं नको. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, तळाशी बसून झरे बुजवतं.

विणकरवाट

खूप आभार. पेव्हरचं इस्टिमेट आधीच तयार झालंय, त्यामुळे थोडे तरी येणारच. मुख्य वाट आणि जिमची जागा एवढ्यापुरते ठेवले तर चालतील असं दिसतंय. भिंतीचं सांगा ना कुणीतरी. सगळ्यात जास्त चर्चा तिच्यावरच आहे.

खापरीकाम

पेव्हरखाली काँक्रीट ओतू नका, खडी आणि वाळूच ठेवा, म्हणजे सांध्यांतून थोडं तरी मुरेल. आता भिंत.

रंग का सोलला ते आधी बघा. भिंतीच्या माथ्यावर टोपी आहे का? बहुतेक कंपाऊंडना नसते. पाऊस वरून थेट विटांत शिरतो, ऊन पडलं की बाहेर यायला बघतो आणि रंगाला मागून ढकलतो. वर कितीही भारी इमल्शन लावा, मागून ढकललेला रंग टिकत नाही. त्यात तुमची भिंत उत्तर हद्दीवर, म्हणजे आतली बाजू दक्षिणमुखी. वर्षातले बहुतेक महिने तिच्यावर ऊन. गुलबट, जांभळे, भडक पिवळे रंग तिथं लवकर उडतात. गेरू, पिवडी, काव असले मातीचे आणि लोहाचे रंग, आणि काजळीचा काळा टिकतो.

क्रम असा. माथ्यावर शहाबादी फरशीची टोपी बसवा, दोन्ही बाजूंनी ५ सेंटिमीटर बाहेर, खालच्या अंगाला खाच कापलेली, म्हणजे थेंब तिथंच तुटतो आणि भिंतीवरून ओघळत नाही. सुटलेलं प्लास्टर ठोकून बघून पोकळ वाजेल तेवढं काढा. पांढरा लोणा दिसत असेल तर कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. नवीन प्लास्टरला २८ दिवस द्या. मग ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे, थांबा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. मेच्या अखेरीस घाईनं रंगवलेली भिंत जुलैत सोलते, कारण हीच घाई.

जमिनीपासूनचा पहिला दीड फूट रंगवूच नका, पावसाचा शिंतोडा तिथंच बसतो. तिथं भिंत उघडीच ठेवा.

आता काठाची नक्षी. ती रंगात न करता भाजलेल्या मातीत करा असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. विणकर नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवतो. मागावर नक्षी काढणाऱ्या जेकार्ड यंत्रासाठी कार्डं पाडायची तर आधी आलेख भरावा लागतो, एक घर म्हणजे उभ्या धाग्याची एक उचल. तोच आलेख भिंतीवर जसाच्या तसा येतो. २० बाय २० सेंटिमीटरची मातीची फरशी घ्या, तिच्यावर ४ बाय ४ अशी १६ घरं, प्रत्येक घर ५ सेंटिमीटर. काही घरं उठावाची, काही खोल. फरश्यांच्या तीन ओळी म्हणजे १२ घरं उंचीचा काठ, साधारण ६० सेंटिमीटर. आडवी नक्षी १६ घरांनंतर पुन्हा सुरू होईल अशी घ्या, म्हणजे एका आवृत्तीला चार गुणिले तीन, १२ फरश्या. रुईफूल १२ घरांत नीट बसतं. कोयरीची वळणं मात्र एवढ्या कमी घरांत मोडतात, ती काठात घेऊ नका. जाणत्या विणकरांकडून आलेख भरून घ्या, चित्रकाराकडून नको. घर कुठं सोडायचं म्हणजे नक्षी मोकळी दिसते हे त्यांच्या हातात असतं.

हिशेब: ५ मिलिमीटर सांधा धरून ४० मीटरला एका ओळीत १९५ फरश्या, तीन ओळींना ५८५. तुटफूट धरून ६५० करा. १२ वेगवेगळ्या फरश्यांचे १२ साचे, प्रत्येकातून ५०-५५ नग. प्लास्टरच्या साच्यातून साधारण एवढे नग झाले की कडा बोथट व्हायला लागतात, त्यामुळे एका साच्यात काम पुरं होतं. माती खानापूरची. तिथं खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, शिवाय कवेलू आणि भांड्यांच्या कामाचा हात त्या तालुक्यात आहे. मातीत २० टक्के भाजलेल्या खापराचा चुरा मिसळायला सांगा, त्यानं वाळताना फरशी वाकडी होत नाही. जाडी २.५ सेंटिमीटर, उठाव १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक उठावाचा वरचा काठ बाहेर उतरता, पाणी थांबायला जागाच ठेवायची नाही. मागं खोल रेघा ओढा.

माती आक्रसते, वाळताना आणि भाजताना मिळून ८ ते १० टक्के. त्यामुळे साचा २० चा नव्हे, साधारण २२ सेंटिमीटरचा. नेमका आकडा मातीवर ठरतो. ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारा, भट्टीतून आल्यावर मोजा, मग साचे करा. हे न करता साचे केले की तीन ओळींचे सांधे एकाखाली एक येत नाहीत आणि सगळा काठ वाकडा दिसतो. वाळवण सावलीत, रोज उलटून, ८-१० दिवस. भाजणी ९०० ते ९५० अंश. आलेला माल टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. चार-पाच नग तोलून २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांच्या वर वाढलं तर कच्चा आहे, परत करा.

बसवताना नुसत्या सिमेंटच्या घोळावर भागवू नका, पॉलिमर मिसळलेला टाईल ॲडेसिव्ह खाचांच्या थापीनं लावा. खालच्या ओळीला आधाराची लाकडी पट्टी ठोका आणि दिवसाला एकच ओळ. भिंतीला जिथं आधीच सांधा किंवा तडा आहे तिथं फरशी आरपार नेऊ नका. दर ४-५ मीटरवर १० मिलिमीटरची फट सोडून सीलंट भरा. काळ्या मातीवरची भिंत हलणारच, ती हालचाल फटीत जाऊ द्या. फट आवृत्ती संपते तिथं घेतली तर डोळ्याला कळतही नाही. काठाच्या वरचा भाग साधा चुन्याचा, हलका काव मारून ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी हात मारायला सोपं.

मृगाचापाऊस

हिरवळीवर आधी बोलतो. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरला रोज ४-५ लिटर पाणी लागतं. ३०० चौरस मीटर केली तर रोज १२०० ते १५०० लिटर. शहराला पाणी देणारं राकसकोप धरण तळाला गेलेलं असताना हे पाणी कुठून आणणार? विहिरीवर सगळा भार टाकला तर मेमध्ये तीही आटेल. मुलांच्या घसरगुंडीखाली तर हिरवळ नकोच, तिथं १ फूट जाडीची धुतलेली वाळू.

झाडं १६ ते १८, त्यापेक्षा जास्त नको. ४० रोपं लावून फोटो काढतात, पाचव्या वर्षी सगळी एकमेकांच्या डोक्यावर. मोठ्या झाडांत ८ मीटर, मध्यम झाडांत ६. पश्चिम कडेला करंज आणि बकुळ, म्हणजे दुपारचं ऊन अडेल. पावसाळी बागेच्या काठावर ताम्हण आणि एक कदंब, दोघांनाही पाय ओले चालतात. पटांगणाच्या दक्षिण अंगाला बहावा दोन, पण तारेपासून सरकून. जांभूळ हवंच, पण वाटेपासून आणि कट्ट्यापासून ५ मीटर लांब, नाहीतर जूनमध्ये सगळं जांभळं आणि निसरडं. रंगांचा क्रमही लागतो. फेब्रुवारी-मार्चला पळस, एप्रिलमध्ये बहावा, त्याच्या मागोमाग ताम्हण, पावसात कदंब. पळसाला काळी माती मानवते, एक नक्की लावा.

तारेखाली तगर, पारिजातक, कढीपत्ता एवढ्याच उंचीचं. गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर नकोत. वळवाच्या वाऱ्यात त्यांच्याच फांद्या पहिल्यांदा मोडतात. कोनोकार्पसची कुंपणं तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

पावसाळी बागेत अशी झाडं हवीत की जुलैत दोन दिवस बुडाली आणि एप्रिलमध्ये वाळली तरी जगतील. वाळा सगळ्यात भरवशाचा. काठानं १५-१५ सेंटिमीटरवर लावा, मुळं मातीला धरून ठेवतात. तळात लव्हाळा, कर्दळ, वेखंड. वेखंड उन्हाळ्यात वरून वाळतं, मेलं म्हणून उपटू नका. फुलपाखरांसाठी लिंबू, कढीपत्ता, रुई, खुळखुळा. रुई लोक तण म्हणून उपटतात, तिथं पाटी लावा.

खड्डे मेमध्ये, ३ बाय ३ बाय ३ फूट, उन्हात तापू द्या. लावणी मृग लागल्यावर, दोन चांगले पाऊस झाले की. रोप ५-६ फुटांचं, पिशवी फाडून मुळांची गुंडाळी तपासून. काठीला ज्यूटनं सैल बांधा, तारेनं नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन ३ इंच, खोडापासून वीतभर लांब. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर. आळ्यात बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरलं तर पाणी निम्म्यावर भागतं.

झाडांच्या पाट्या खिळ्यानं ठोकू नका, जमिनीत काठीवर लावा. खानापूरहून फरश्या येतच आहेत तर त्याच मातीत, दोन्ही भाषांत: करंज-होंगे, जांभूळ-नेरळे, पिंपळ-अरळी, बहावा-कक्के. शाळेची पोरं दोन्ही वाचतात.

जांभाचुना

कदंबाबद्दल एक दुरुस्ती. तो झपाट्यानं वाढतो आणि कंपाऊंडपाशी लावला तर काळ्या मातीतली ओल शोषून भिंतीचा पाया एका बाजूनं बसवतो. भिंतीपासून किमान ६ मीटर. ईशान्य कोपऱ्यात तेवढी जागा निघत नसेल तर कदंब सोडून द्या, ताम्हणच दोन लावा.

पिंपळाला पार बांधणार असाल तर खोडाला भिडवून बांधू नका. खोडाभोवती सगळीकडून १ मीटर माती उघडी. आत भराव घालून खोड पुरलं की साल कुजते, झाड वरून हिरवं दिसतं आणि एका वादळात आडवं होतं. पाराची भिंत सलग पाया न काढता चार-पाच ठिकाणी खांब घेऊन त्यावर फरशी टाका, मुळं खालून जाऊ द्या. पिंपळाखाली जिमची यंत्रं पण नकोत, त्यांच्या पायांसाठी खणावं लागतं.

लेथवाला

भंगाराच्या शिल्पाचं सांगतो. उद्यमबागेत ओतकामाचं आणि मशीनिंगचं भंगार मुबलक मिळतं, पण सगळं एकत्र जोडू नका. बीड आणि पोलाद साध्या वेल्डिंगनं नीट धरत नाही. जोड थंड होताना बिडाच्या बाजूनं तडा जातो. बिडाचे दातेरी चक्र, पुली असले तुकडे बोल्टनं बसवा, वेल्डिंग पोलादापुरतं.

पाणी साठेल अशी एकही खोबण ठेवू नका. उघड्या पाईपची तोंडं बंद करा आणि खालच्या अंगाला ८-१० मिलिमीटरचं भोक पाडा. सँडब्लास्ट केल्यावर त्याच दिवशी झिंकचा प्रायमर, मग इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. नुसता रेड ऑक्साईड आणि ऑईल पेंट आपल्या पावसात दोन वर्षंही धड राहत नाही. जमेल तेवढे भाग गॅल्व्हनाईज करून घ्या. तळाची पट्टी जमिनीवर न ठेवता १५ सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर, चार फाउंडेशन बोल्ट, चौथऱ्याचा माथा उतरता.

मुलं चढणारच असं धरूनच आकार ठरवा. ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधली कुठलीही फट नको, त्यात अंग जातं आणि डोकं अडकतं. सगळ्या कडा ३ मिलिमीटर गोल घासा. विणकामाच्या भागात धोट्याचा (मागावर आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याचा) आकार चांगला दिसेल, तोच ६-७ फूट लांब आडवा केला तर बसायलाही होतो. दक्षिणेच्या उन्हात लोखंड तापतं, म्हणून पिंपळाच्या सावलीत ठेवा, उथळ पाया घेऊन, खोडापासून लांब.

दिव्यांचे खांब ३ ते ४ मीटरच, प्रकाश खाली पडणारा, पिवळसर ३००० केल्विन. पिंपळावर वर रोखलेले फोकस लावू नका, पाखरं रात्रभर झोपत नाहीत. प्रत्येक वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच लागतोच, पावसाळी जागेत त्यात तडजोड नाही.

विणकरवाट

विहिरीचाही कलेत काही उपयोग करता येईल का? नुसती जाळी मारून बंद करायला जीव होत नाही.

खापरीकाम

होतो की. आपल्या गावात विहिरींना मान आहे, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून दाखवली जाते. तुमच्या विहिरीत पाण्याची पट्टी बसवा. आतल्या उत्तर बाजूच्या दगडावर, कारण तिथं ऊन पोचतं आणि कठड्यावरून वाचता येतं. ६ इंच रुंद शहाबादीची उभी पट्टी, दर दीड फुटाला स्टेनलेसच्या दोन बोल्टनी अडकवलेली, दगडांचे सांधे टाळून. तिच्यावर दर फुटाला एक चकाकी दिलेली फरशी, प्रत्येक पाचव्या फुटाला गडद रंग आणि आकडा. पाण्याखालच्या फरशीला चकाकी हवीच, साधी खापरी शेवाळानं काळी पडते.

काम मेच्या मध्यावर, पाणी सगळ्यात खाली असताना. माणूस आत उतरवण्याआधी ब्लोअरनं हवा खेळवा, दोर कमरेला, वर दोन माणसं. डिझेल पंप आत किंवा काठावर चालवून लगेच उतरू नका, धूर खाली बसतो आणि माणूस गुदमरतो.

मग कठड्याच्या बाहेरच्या अंगाला वर्षाचे १२ रकाने पाडून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कुणीतरी पातळी वाचून त्या रकान्यात खडूनं लिहायची. हिरवळीला किंवा झाडांना किती उपसा परवडतो याचा वाद मग आकड्यावर मिटतो. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, आणि पहिला आकडा या मेमध्ये काम सुरू व्हायच्या आधीच घेऊन ठेवा, पुढचे आकडे त्याच्याशीच ताडायचे आहेत.